प्रोबेटचा फॉर्म नक्की कुठला? पार्ल्यातला फ्लॅट, मराठीतलं मृत्युपत्र, सगळे वेगवेगळं सांगतायत

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी, डोकं पार भंजाळलंय म्हणून इथे विचारतेय. बाबा जानेवारीत गेले. त्यांनी २०१४ मध्ये मृत्युपत्र करून ठेवलं होतं, मराठीत, टाइप केलेलं, दीड पानाचं, रजिस्टर नाही केलेलं. पार्ल्यातला फ्लॅट आईला, बँकेतल्या एफडी मला आणि भावाला अर्ध्या अर्ध्या, आणि चिपळूणजवळ जमीन आहे (सातबाऱ्यावर बाबा, काका आणि आत्या तिघांची नावं, निम्मा कातळच आहे) त्यातला बाबांचा हिस्सा भावाला. भाऊ इंग्लंडमध्ये असतो. आमच्यात वाद काही नाहीये, तो म्हणतो पाठव कागद, सही करतो.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये आणि सेक्रेटरी म्हणतात शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवायचं तर प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणा. नॉमिनी आईच आहे तरीसुद्धा आणा. म्हटलं ठीके, फॉर्म आणू नि भरून टाकू. तर गुगलवर एकीकडे इंग्लंडचे फॉर्म येतात, एकीकडे कोलकात्याचा नमुना, एका साइटवर पैसे भरा आणि प्रोबेट फॉर्म डाउनलोड करा, आणि एकाने तर सक्सेशन सर्टिफिकेटचाच अर्ज प्रोबेट म्हणून चिकटवलाय. शेजारचे म्हणाले वारस दाखला काढ, ऑफिसमधला म्हणतो लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन लागेल.

मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून मामाचं नाव आहे, तो सांगलीला असतो, ऐंशीच्या पुढे आहे. साक्षीदार दोन, त्यातले डॉक्टर काका वारले, दुसरे शेजारचे आता नाशिकला मुलाकडे असतात, ठणठणीत आहेत.

तर फॉर्म कुठला, मिळतो कुठे, आणि वकिलाशिवाय भरता येतो का?

सदाशिवपेठी

प्रोबेट कशाला?? आमच्या वडिलांच्या वेळी पुण्यात कोणी प्रोबेटचं नावही काढलं नाही. मृत्युपत्र दाखवलं, सोसायटीने नाव लावलं, सातबाऱ्याला फेरफार झाला, संपला विषय. तुमच्या मुंबईत सगळं अवघडच करून ठेवलेलं असतं.

फोर्टातली वकील

पुण्यात लागलं नाही त्याचं कारण पुणेकर हुशार हे नसून कायदाच तसा होता 🙂 भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ५७ आणि २१३. हिंदू, बौद्ध, शीख, जैन माणसाने मृत्युपत्र मुंबई किंवा मद्रास हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीत (ढोबळमानाने त्या शहरात) केलं असेल किंवा त्यातली स्थावर मिळकत त्या हद्दीत असेल तर प्रोबेट घेतल्याशिवाय त्या मृत्युपत्राखालचा हक्क कोर्टात सिद्ध करता यायचा नाही. बंगालसाठीही तसंच. मृत्युपत्र पुण्यात, फ्लॅट पुण्यात, की सुटलात. मृत्युपत्र पुण्यात पण फ्लॅट पार्ल्यात, की अडकलात.

हे सगळं भूतकाळात लिहिलंय कारण डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रिपीलिंग अँड अमेंडिंग कायद्याने ते कलम २१३ काढूनच टाकलं. म्हणजे ताई, तुमचे बाबा जानेवारीत गेले, तुमच्या बाबतीत प्रोबेट सक्तीचं नाही. तुमच्या सेक्रेटरींच्या कानावर अजून आलं नसावं. पण सक्ती गेली म्हणजे प्रोबेट गेलं असं नाही, ज्याला हवंय त्याला कोर्टाकडून घेता येतं, आणि रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरचा वकील किंवा उद्या फ्लॅट विकताना घेणाऱ्याची बँक मागू शकते, कारण मृत्युपत्र खरं आहे हे एकदा प्रोबेट कोर्टाने म्हटलं की ते सगळ्यांना बांधतं.

आता फॉर्मबद्दल. पासपोर्टसारखा किंवा तहसीलमधल्यासारखा चौकटी भरायचा फॉर्म इथे नसतो हे आधी डोक्यातून काढा. मुंबईसाठी बॉम्बे हायकोर्ट ओरिजिनल साइड रूल्स १९८०, त्यातलं सव्विसावं प्रकरण टेस्टामेंटरीचं, म्हणजे मृत्युपत्रांसंबंधीचं आहे. रूल्सची पीडीएफ हायकोर्टाच्या साइटवर आहे, शेवटी नमुने दिलेत, प्रोबेटच्या पिटिशनचा, लेटर्सचा, एक्झिक्युटरच्या शपथेचा, साक्षीदाराच्या अ‍ॅफिडेव्हिटचा, सगळे. तो नमुना समोर ठेवून आपलं पिटिशन टाइप करायचं असतं. पैसे देऊन डाउनलोड करण्यासारखं त्यात काहीही नाही.

कुठला नमुना घ्यायचा हे मात्र तुमच्या मामांवर अवलंबून आहे. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळतं, कलम २२२. तुम्हाला नाही, आईलाही नाही. मृत्युपत्र आहे पण एक्झिक्युटर नेमलेलाच नाही, किंवा तो वारला, किंवा नको म्हणाला, तर लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन विथ विल अनेक्स्ड, म्हणजे मृत्युपत्र जोडून मिळकतीचा कारभार बघायचं कोर्टाचं अधिकारपत्र. मृत्युपत्रच नसेल तर नुसते लेटर्स. सक्सेशन सर्टिफिकेट हे येणी आणि शेअर्स, बाँड असल्या गोष्टींसाठी असतं, फ्लॅटला त्याचा उपयोग नाही. आणि वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली निघतो, त्यात वारस कोण एवढंच ठरतं, मृत्युपत्रात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या ऑफिसातला माणूस अर्धा बरोबर आहे, शेजारचे नाहीत.

चेअरमन झालोय चुकून

मी एका सोसायटीचा चेअरमन आहे, तुमच्या नाही. कमिटीला सगळे शिव्या घालतात म्हणून आमची बाजू पण ऐका. २०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्यात हाउसिंग सोसायट्यांचं वेगळं प्रकरण आलं, त्यात कलम १५४ब-१३ आहे. त्याप्रमाणे मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा कागद यावरून सोसायटी नाव लावू शकते, आणि तोवर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं. नॉमिनी मालक नसतो. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं की नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बदलत नाही. मग आम्ही नुसत्या नॉमिनेशनवर कायमचं नाव लावलं आणि सहा महिन्यांनी दुसरा मुलगा उभा राहिला तर? आमच्याकडे झालंय हे. तेव्हापासून कमिटी ज्याला त्याला प्रोबेट आणा सांगते, कायदा वाचून नव्हे, घाबरून.

माझा सल्ला, सेक्रेटरींकडून प्रोबेट कुठल्या कलमाखाली मागताय ते लेखी मागा. तोंडी मागणाऱ्यांपैकी निम्मे लेखी देताना गप्प होतात. सोबत मृत्युपत्राची कॉपी, मृत्यू दाखला, तुमचं आणि भावाचं ना हरकत आणि इंडेम्निटी बाँड (उद्या वाद झाला तर सोसायटीचं नुकसान भरून देऊ अशी हमी) द्या आणि आईला निदान प्रोव्हिजनल मेंबर तरी करून घ्या, म्हणजे रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला तिला बसता येईल. हे झालं की मग प्रोबेट निवांत.

कोर्टबाबू निवृत्त

वकीलबाईंनी कायदा सांगितला, मी टेबलाच्या अलीकडचं सांगतो. नोकरी याच कागदांत गेली.

पिटिशन दाखल केलं की पहिल्यांदा लॉजिंग नंबर पडतो. मग डिपार्टमेंट ते वाचून ऑब्जेक्शन काढतं, ती दूर केलीत की खरा नंबर. लोक अडकतात ते इथे, जज्जसाहेबांपर्यंत प्रकरण गेलेलंच नसतं आणि घरी सांगतात कोर्टात तारखा पडतायत.

ऑब्जेक्शन येतात कशावर? पहिलं, नावं. मृत्युपत्रात आई 'सुमन', आधारवर 'सुमती', शेअर सर्टिफिकेटवर नुसतं आद्याक्षर. पिटिशनमध्ये सुमती उर्फ सुमन असं पहिल्याच पानावर घाला. दुसरं, मिळकतीचं वर्णन. बाबांनी लिहिलं असेल 'पार्ल्यातील राहती जागा', शेअर सर्टिफिकेटवर असेल फ्लॅट नंबर अमुक, विंग तमुक, तर दोन्ही एकच आहे हे एका ओळीत सांगा. तिसरं, वारसांची यादी. बायको आणि मुलं लिहून लोक मोकळे होतात. हिंदू पुरुषाची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते! ताई, तुमची आजी आहे का? गेली असेल तर कधी ते लिहा, नाहीतर कागद परत आलाच म्हणून समजा.

मग शेड्यूल. पहिल्यात मालमत्ता, दुसऱ्यात देणी आणि अंत्यविधीचा वगैरे खर्च, तिसऱ्यात वारलेल्या माणसाकडे दुसऱ्याची म्हणून विश्वस्त या नात्याने असलेली मिळकत, ती बहुतेकांची निरंक असते, पण निरंक आहे म्हणून पान गाळायचं नाही, 'निरंक' असं लिहून जोडायचं. चिपळूणची अख्खी जमीन पहिल्या शेड्यूलमध्ये दाखवू नका, फक्त बाबांचा अविभक्त हिस्सा, नाहीतर काका आणि आत्या दोघंही उद्या उभे राहतील. फ्लॅटची किंमत रेडी रेकनरवरून काढतात. कोर्ट फी तीन लाखांच्या वर साडेसात टक्के पण कमाल ७५,००० रुपये, आणि मुंबईतला फ्लॅट म्हटला की कमाल लागतेच, त्यामुळे किंमत कमी दाखवून काही वाचत नाही. ती कसरत करू नये.

मृत्युपत्र मराठीत आहे ना, मग त्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर लागेल, हायकोर्टाच्या ट्रान्सलेटरकडचं. घरी केलेलं चालत नाही, आतेभाऊ कितीही इंग्रजीचा प्रोफेसर असला तरी. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा होतं, म्हणून आधी त्याच्या रंगीत झेरॉक्स आणि स्कॅन करून ठेवा. आणि हो, त्याला पंच मारू नका, स्टेपल काढू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. टाचणी काढल्याची भोकं दिसली तरी विचारतात की इथे आधी अजून एक पान होतं का.

रेडिंगकर

भावाच्या कागदासाठी, कारण मी इंग्लंडमधूनच हे केलंय. तुम्हाला गुगलवर जो इंग्लंडचा फॉर्म दिसला तो पीए-वन-पी असणार, तो इथल्या मालमत्तेसाठी, मृत्युपत्र असलं की लागतो, मृत्युपत्र नसेल तर पीए-वन-ए. तुमच्या कामाचा नाही. भावाकडून हवं आहे ते कन्सेंट अ‍ॅफिडेव्हिट, की मी मुलगा, मला मृत्युपत्राची प्रत मिळाली, माझी हरकत नाही. हे त्याने दिलं की त्याला कोर्टाकडून सायटेशन (नोटीस) बजावायची गरज पडत नाही, आणि परदेशातल्या माणसाला नोटीस बजावत बसणं म्हणजे महिनोन्महिने. मसुदा तुमच्या वकिलाकडून घेऊनच त्याला पाठवा. इथे एकतर भारतीय हायकमिशनमध्ये जाऊन सही करायची किंवा लोकल नोटरीपुढे करून अपोस्टील (सरकारी प्रमाणीकरणाचा दाखला) लावून घ्यायचं. पासपोर्टवर जसं नाव आहे अगदी तसंच टाइप करायला सांगा, मधलं नाव गाळू नका. माझ्या वेळी वकिलांनी वडिलांचं नाव मधे घातलं आणि माझ्या पासपोर्टवर ते नाहीये, झालं सगळं परत.

पार्लेकरीण

अरे वा एवढी माहिती कुठल्याच साइटवर नव्हती. आजी १९९८ मध्ये गेली, दाखला शोधावा लागेल. चेअरमन काका, सेक्रेटरींना लेखी मागितलंय, अजून उत्तर नाही 😄

मामाशी बोलले. तो म्हणतो अगं मला त्या वेळी सांगितलं होतं भावजींनी, मी हो म्हटलं, पण आता मुंबईला येऊन कोर्टकचेरी नाही होणार, आईलाच करू दे. मग आता आई अर्ज करू शकते का? आणि डॉक्टर काका नाहीत तर एकाच साक्षीदारावर चालेल? आणि एफडीचं पण यातच घालायचं का, त्याला नॉमिनी मी आहे.

फोर्टातली वकील

मामा खरंच नको म्हणत असतील तर त्यांचं सही केलेलं रिनन्सिएशन, म्हणजे मी एक्झिक्युटरपद सोडतो असं लिहून दिलेलं. एकदा सोडलं की नंतर परत मी होतो म्हणता येत नाही हे त्यांना समजावून सांगा. मग आई लेटर्स विथ विल अनेक्स्ड साठी अर्ज करेल, तुमची दोघांची संमती जोडून. म्हणजे तुमचा फॉर्म प्रोबेटचा नाहीच, लेटर्सचा. फरक काय पडतो? प्रोबेटमध्ये एक्झिक्युटरला बाँड (कारभार नीट करीन अशी लेखी हमी) द्यावा लागत नाही, लेटर्समध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशन बाँड द्यावा लागतो. त्यामुळे मी असते तर मामांना एकदा परत विचारलं असतं. पिटिशनवर सही आणि शपथ हे त्यांचं मुख्य काम, धावपळ वकिलाने करायची, ई-फायलिंग आहे, आणि बिनविरोध प्रकरणात साक्षीला पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही, सगळं अ‍ॅफिडेव्हिटवर होतं. सांगलीत बसून नोटरीपुढे सही करता येईल. ऐंशीच्या पुढचा माणूस 'कोर्ट' ऐकून घाबरतो, काम केवढं आहे ते ऐकल्यावर बऱ्याचदा तयार होतो.

साक्षीदार, मृत्युपत्र करताना दोन लागतात, सिद्ध करताना हयात असलेला एक पुरतो. नाशिकच्या काकांचं अ‍ॅफिडेव्हिट लवकर करून घ्या, बाबांनी माझ्यासमोर सही केली, मी आणि डॉक्टरांनी त्यांच्यासमोर केली, एवढं त्यात स्पष्ट हवं. हे काम सगळ्यात आधी, फॉर्म बिर्म नंतर. दोघंही गेलेले असते तर बाबांची आणि एका साक्षीदाराची सही ओळखणारा माणूस शोधत बसायची वेळ आली असती.

एफडी शेड्यूलमध्ये दाखवायच्या, कारण मालमत्ता सगळी दाखवायची असते. पण पैसे मिळण्यासाठी कोर्टाची वाट बघू नका. नॉमिनी असल्यावर बँक कोर्टाचा कागद मागू शकत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे, फॉर्मही आता सगळ्या बँकांना एकसारखे ठरवून दिलेत. पैसे तुमच्या हातात आले तरी निम्मे भावाचे, ते मृत्युपत्राप्रमाणे त्याला द्यायचे.

वकिलाशिवाय करता येतं का, तर येतं, स्वतः उभं राहायला कोणी अडवत नाही. पण ऑब्जेक्शन काढायला सारखं फोर्टात जावं लागेल. तुम्हाला नोकरी आहे का ते बघा.

सदाशिवपेठी

हे सगळं करण्यापेक्षा दोघा मुलांनी आईच्या नावे हक्कसोड केलं की काम खलास, नाही का? मृत्युपत्र कपाटात.

फोर्टातली वकील

फ्लॅटपुरतं होऊ शकतं, सगळे राजी आहेत म्हणून. रजिस्टर्ड करावं लागेल, भावाला त्यासाठी यावं लागेल किंवा तिथून कुलमुखत्यारपत्र पाठवावं लागेल. पण मग चिपळूणची जमीन? मृत्युपत्राने ती एकट्या भावाला आहे, ते कपाटात ठेवलं तर आई, ताई आणि भाऊ तिघंही वारस, म्हणजे तिथेही हक्कसोड. एका जागी मृत्युपत्र मानायचं आणि दुसऱ्या जागी नाही असं केलंत तर वीस वर्षांनी नातवंडं वकील शोधत फिरतील. आमचा धंदा चालतो, मला काय.

मडगांवचो

आमच्या गोव्यात हा प्रोबेटचा ताप नाही, पण दुसरा आहे 😀 इथे २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा, मुलं असतील तर अर्ध्याच वाट्याचं मृत्युपत्र करता येतं, उरलेला अर्धा कोणी कितीही रुसला तरी वारसांचाच. वाद असला की कोर्टात इन्व्हेंटरी, मग प्रत्येक भांड्याकुंड्याची यादी आणि भावाभावांत लिलाव. मुंबईकरांनी गोव्यात फ्लॅट घेतलेत बरेच, त्यांनी हे लक्षात ठेवा, मुंबईच्या वकिलाकडून नमुना आणून इथे चालत नाही.

कोर्टबाबू निवृत्त

अजून एक, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. ताईंचं ताजं आहे, पण माणूस जाऊन तीन वर्षं उलटली असतील तर उशीर का झाला याचं कारण पिटिशनमध्ये लिहावं लागतं, रूल्समध्येच आहे. 'माहीत नव्हतं' हे कारण रोज येतं. खरं असेल ते लिहा, गरज पडली नाही, सोसायटीने आत्ता मागितलं, असं असेल तर तसं.

आणि ग्रँट, म्हणजे कोर्टाने दिलेला प्रोबेटचा किंवा लेटर्सचा कागद, हातात आली की लोक ती फ्रेम करून ठेवल्यासारखी कपाटात ठेवतात. सहा महिन्यांत इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी) आणि वर्षात हिशेब कोर्टात दाखल करायचा असतो, कलम ३१७. फार कमी लोक करतात. तुम्ही करा.

पार्लेकरीण

मामा तयार झाला! त्याला सांगितलं सांगलीतच सही करायची तर म्हणाला मग आधी का नाही सांगितलंस. म्हणजे प्रोबेटचाच नमुना. रविवारी नाशिकला काकांकडे जातेय, अ‍ॅफिडेव्हिटचा मसुदा घेऊन. एकच राहिलं, चिपळूणसाठी रत्नागिरीच्या कोर्टात वेगळा अर्ज करावा लागेल का?

फोर्टातली वकील

नाही. हायकोर्टाचं प्रोबेट चिपळूणलाही चालतं. मिळालं की सर्टिफाइड कॉपी घेऊन तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज करायचा. तोवर बाबा वारल्याची वर्दी मात्र आत्ताच देऊन ठेवा, त्याला तीन महिन्यांची मुदत आहे, म्हणजे एप्रिलच्या आत. अर्जाची पोच घ्या, तलाठी आप्पांचा नुसता 'हो हो बघतो' चालणार नाही.